बॅटरीचं शेड, अंगणवाडी आणि "मुलाला सांभाळा" हा सल्ला

प्रश्न थोडक्यात असा आहे. हातकणंगले तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय की वस्तीच्या कडेला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारं शेड आहे, रात्री भट्टी लागते, अंगणवाडी हाकेच्या अंतरावर, आणि त्यांचा चार वर्षांचा मुलगा सारखा पोट दुखतंय म्हणतो, जेवत नाही, चिडचिडा झालाय. ग्रामपंचायत म्हणते प्रदूषण नियंत्रण बोर्डाकडं जावा, बोर्डाचं ऑफिस म्हणतं लेखी द्या, डॉक्टर म्हणाले मुलाला सांभाळा. तर आम्ही नेमकं काय सांभाळायचं, आणि सरकारी नियमांनी मुलांच्या तब्येतीत खरंच फरक पडतो का, की ते सगळं कागदावरच राहतं?

ताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे, कोल्हापुरात बरीच वर्षं प्रॅक्टिस झाली आणि त्यातला मोठा भाग जिल्ह्यातल्या गावांत पाणी, शाळा, अंगणवाडी या कामात गेला, त्यामुळं उत्तर लांब होणार आहे. आधी मुलाचं सांगते, मग नियमांचं, कारण दोन्ही एकच गोष्ट आहे हे तुम्हाला वाचता वाचता लक्षात येईलच.

मुलाची पहिली तपासणी म्हणजे रक्तातलं शिसं, लॅबमध्ये "ब्लड लेड लेव्हल" म्हणून मागायची. मोठ्या लॅबची कलेक्शन सेंटरं कोल्हापूर-इचलकरंजीत आहेत, ती सॅम्पल बाहेर पाठवतात आणि काही दिवसांनी रिपोर्ट येतो. रक्त शिरेतून काढायला सांगा, बोटाला टोचून नको, कारण अशा ठिकाणच्या मुलाच्या बोटावरच शिशाची धूळ असते आणि आकडा उगाच वाढून येतो. सोबत हिमोग्लोबिन करून घ्या. पोटदुखी, भूक नसणं, चिडचिड, शौचाला कडक होणं ही शिशाची लक्षणं असू शकतात पण जंताची, पंडुरोगाची, साध्या बद्धकोष्ठाचीपण हीच लक्षणं आहेत, त्यामुळं आकडा आल्याशिवाय घाबरून जाऊ नका आणि आकडा न बघता "काही नाही हो, मुलं अशीच असतात" असं कुणी म्हटलं तर तेही ऐकू नका. धाकटं भावंडं असेल तर त्याचंही रक्त द्या, रांगणारं बाळ तर आधी.

रिपोर्टमध्ये आकडा मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये येतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते ५ किंवा त्याच्या वर असेल तर शिसं कुठून येतंय ते शोधा आणि थांबवा. ४५ आणि त्याच्या वर गेलं तर शिसं शरीराबाहेर काढायचं औषध द्यावं लागतं, ते हॉस्पिटलमध्ये, देखरेखीखाली. आता मधला पट्टा बघा, म्हणजे १०, २०, ३० असा आकडा. या पट्ट्यात आम्ही मुलांचे डॉक्टर सहसा औषध देत नाही, कारण तिथं औषधानं मेंदूचं नुकसान भरून येतं असं दिसलेलं नाही, आणि मूल त्याच धुळीत परत जाणार असेल तर औषध देऊनही उपयोग नाही. तिथं उपचार एकच, शिशाचा उगम बंद करणं. पण उगम बंद करायचं प्रिस्क्रिप्शन मी लिहू शकत नाही, ते प्रांत (म्हणजे महसूल खात्याचे प्रांताधिकारी) लिहितो, बोर्ड लिहितं, ग्रामसभा लिहिते. म्हणून मी पोटतिडकीनं सांगते की मुलांच्या बाबतीत सार्वजनिक धोरण हाच औषधोपचार आहे.

तोवर घरात करायचं ते करा. केरसुणीनं झाडू नका, धूळ उडते, ओल्या फडक्यानं पुसून घ्या. चप्पल दाराबाहेर. खायच्या आधी हात साबणानं, नुसत्या पाण्यानं नाही. उंबऱ्याजवळची माती मूल खात असेल तर त्यावर फरशी नाहीतर जाड मुरूम टाका. लोह कमी असलेल्या मुलाचं आतडं शिसं जास्त ओढून घेतं, म्हणून पंडुरोग असेल तर त्याची औषधं नीट पूर्ण करा, दूध, नाचणी, अंडी, पालेभाज्या द्या. आणि घरातलं कुणी त्या शेडवर कामाला जात असेल तर अंगावरचे कपडे तिथंच बदलून, आंघोळ करून घरात यायचं, ते कपडे पोरांच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. पण ही सगळी तात्पुरती डागडुजी आहे. भट्टी रोज रात्री लागत असेल तर कुठलीच आई रोज सगळं घर पुसून त्याला पुरी पडणार नाही, आणि पुरी पडली नाही म्हणून तिला दोष देणं मला पटत नाही.

मुलांनाच एवढं का बाधतं हे कुणी विचारलं तर सांगायला सोपं आहे. तोंडावाटे गेलेलं शिसं मोठ्यांच्या तुलनेत लहान मुलं चार-पाच पट जास्त शोषून घेतात. ती जमिनीलगत असतात, सगळं तोंडात घालतात, वजनाच्या मानानं जास्त श्वास घेतात, जास्त पाणी पितात. मेंदू त्याच वयात बांधला जात असतो. मोठ्या माणसासाठी ठरवलेली मर्यादा मुलाला लावली की ती मर्यादाच राहत नाही. अमेरिकेत १९९६ ला कायदा झाला, त्यात अन्नातल्या कीटकनाशकांची मर्यादा ठरवताना मुलांसाठी आणखी दहापट सुरक्षितता धरायची असं लिहिलं, वेगळा पुरावा असेल तरच ती कमी करायची. आपल्याकडं बहुतेक मानकं ठरवताना मूल डोळ्यापुढं नसतं, मोठा माणूस असतो. अपवाद आहेत, पाण्यातल्या नायट्रेटची ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा तान्ह्या बाळांवरूनच आलीय. आणि शिरोळ-हातकणंगलेत उसाला जेवढा युरिया पडतो ते बघता सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध विहिरी-बोअरच्या पाण्यात कालवून देत असाल तर ते पाणी आधी तपासून घ्या, उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. असो, हे जरा विषयांतर झालं पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आता तुमचा दुसरा प्रश्न, नियमांनी फरक पडतो का. शिशाएवढं स्वच्छ उत्तर दुसऱ्या कशात मिळत नाही. पेट्रोलमध्ये पूर्वी शिसं घालायचे. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या शेवटी एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या रक्तात सरासरी १५ च्या आसपास शिसं होतं, पेट्रोलमधून, खाण्याच्या डब्यांच्या डाकातून ते काढत गेले तशी दहा-बारा वर्षांत सरासरी ४ च्या खाली आली. त्यात त्या मुलांच्या आयांनी वेगळं काहीच केलं नव्हतं, हात जास्त धुतले नव्हते, कुणाला औषध दिलं नव्हतं. आपल्याकडं २००० सालापासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. आज कोल्हापुरात महाद्वार रोडवर, शिवाजी चौकात गर्दी तेव्हापेक्षा कितीतरी जास्त आहे पण गाड्यांच्या धुरातलं ते शिसं नाही, आणि ज्या मुलांना याचा फायदा झाला त्यांच्या आईबापांना हे माहीत पण नाही. मुलांच्या आरोग्यातलं सगळ्यात मोठं काम असं गाजावाजा न होता होतं.

लांबचं उदाहरण नको असेल तर बांगलादेशचं बघा, ते आपल्या सांगली-कोल्हापूरच्या हळदीच्या पट्ट्याला समजण्यासारखं आहे. तिथं हळद पिवळीधमक दिसावी म्हणून पॉलिशच्या वेळी लेड क्रोमेट लावायचे, म्हणजे शिशाचा रंग, आणि गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडायला लागलं तेव्हा शोध घेत घेत संशोधक हळदीपर्यंत पोचले. मग तिथल्या अन्नसुरक्षा खात्यानं घाऊक बाजारात नोटिसा लावल्या, हातात धरायचं मशीन घेऊन धाडी टाकल्या, व्यापाऱ्यांना दंड केला, ते टीव्हीवर दाखवलं. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं, २०२१ मध्ये शून्य. बायकांनी हळद कशी ओळखावी याचे क्लास घेऊन हे झालं नसतं, बाजारातच रोखलं म्हणून झालं.

आणि बॅटरीच्या बाबतीत हयगय केली तर काय होतं तेही सांगते, घाबरवायला नाही, पण ग्रामसभेत बोलताना तुम्हाला लागेल. सेनेगल देशात डकार शहराच्या एका वस्तीत लोक जुन्या बॅटऱ्या फोडायचे, शिसं मिसळलेली माती घरात आणून चाळायचे. २००७ च्या शेवटापासून २००८ च्या सुरुवातीपर्यंत काही महिन्यांत तिथं १८ मुलं दगावली. गरीब लोक होते, चार पैसे मिळतात म्हणून करत होते, कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

तुमच्या इथलं शेड मी बघितलेलं नाही पण अशी शेडं बघितलीत. बाहेरून काही कळत नाही, पत्रा मारलेला असतो. आत हातोड्यानं बॅटरीचं खोकं फोडतात, ॲसिड गटारीत नाहीतर सरळ मातीत सोडतात, पट्ट्या वेगळ्या काढून कढईसारख्या भांड्यात वितळवतात, वर आलेली मळी उलथण्यानं बाजूला ओढून ढीग लावतात. ती करडी राख वाळली की पिठासारखी होते आणि वाऱ्याबरोबर उडते. एका ठिकाणी त्या ढिगाशेजारीच फोडलेल्या बॅटऱ्यांची रिकामी प्लास्टिकची खोकी उलटी टाकून पोरांनी घरघर मांडलं होतं, खोक्यात माती भरून भात केला होता. त्या खोक्याच्या कडांना पांढरट थर होता. मी तिथल्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "अवो डॉक्टर, धुऊन घेतोय की आम्ही ती खोकी, विकायचीच असत्यात." धुतलेलं पाणी कुठं जातं ते पायाखालीच दिसत होतं.

कायदा काय म्हणतो ते साध्या भाषेत. बॅटऱ्यांसाठी आधी २००१ चे नियम होते, त्यांच्या जागी २०२२ चे बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियम आले. त्यात जुनी बॅटरी नोंदणी असलेल्या रिसायकलरकडंच गेली पाहिजे आणि बॅटरी बनवणाऱ्या-विकणाऱ्या कंपनीवर ती परत गोळा करायची जबाबदारी आहे. शिवाय असलं काम करायला प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं, ज्याला सगळे कन्सेंट म्हणतात. वस्तीतल्या पत्र्याच्या शेडकडं यातलं काही असण्याची शक्यता फार कमी. म्हणून तुमच्या अर्जात "धूर येतो, त्रास होतो" एवढंच लिहू नका, त्याला उत्तर येतं की पाहणी केली, त्यावेळी धूर आढळला नाही. असं लिहा की या जागेला कन्सेंट आहे का, बॅटरी नियमांखाली नोंदणी आहे का, असेल तर प्रत द्या, नसेल तर काय कारवाई केली ते कळवा. हाच प्रश्न माहिती अधिकारातही टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जाला भट्टी लागण्याची वेळ, आठवडाभराची नोंद, फोटो, अंगणवाडीपासूनचं अंतर पावलांनी मोजून लिहा, आणि मुलाचा रिपोर्ट जास्त आला तर त्याची प्रत जोडा. रक्ताच्या आकड्यापुढं टोलवाटोलवी अवघड जाते.

प्रत कुणाकुणाला, तर बोर्डाचं कोल्हापूरचं कार्यालय, प्रांत, बीडीओ म्हणजे गटविकास अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, आणि अंगणवाडीच्या सुपरवायझर मॅडम. प्रांताचं नाव लोक विसरतात पण माझ्या मते तेच सगळ्यात कामाचं. सार्वजनिक उपद्रव काढून टाकायचा आदेश प्रांत देऊ शकतो, पूर्वी ते फौजदारी संहितेचं कलम १३३ होतं, आता नव्या संहितेत, म्हणजे बीएनएसएसमध्ये, १५२ आहे. १९८० मध्ये रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं याच कलमाखाली सांगितलं होतं की पैसे नाहीत ही सबब सांगून नगरपालिकेला गटारी आणि घाणीची जबाबदारी टाळता येणार नाही. तो निकाल आजही वकील लोक काढतात. याच्या पुढचं दार म्हणजे हरित लवाद, पर्यावरणाच्या तक्रारींचं कोर्ट, त्याचं खंडपीठ पुण्यातच आहे, पण तिथवर जायची वेळ येऊ नये, वेळ लय जातो.

आता एक गोष्ट जी तक्रार करणारे सोडून देतात. शेड बंद झालं की सगळे खूश, आणि तेच शेड दोन महिन्यांनी पुढच्या गावाच्या ओढ्याकडेला उभं राहतं, तिथंपण अंगणवाडी असतेच. बॅटऱ्या येतात गॅरेजमधून, इन्व्हर्टरच्या दुकानातून, भंगारवाल्याकडून. तो प्रवाह वळवला नाही तर शेड मरत नाही. म्हणून मागणी अशी करा की तालुक्यातल्या बॅटरी विकणाऱ्या दुकानांच्या जुन्या बॅटऱ्यांच्या नोंदी तपासा, कुणाला विकल्या ते बघा. यात पोलीस बंदोबस्त लागत नाही, रजिस्टर बघायला लागतं. दुसरं म्हणजे माती. शेड गेलं तरी शिसं जात नाही, ते कुजत नाही, विरत नाही, पन्नास वर्षांनी तिथं प्लॉट पाडून घर बांधलं तरी अंगणात तेच असणार. मातीचे नमुने घ्या, वरचा थर काढून योग्य ठिकाणी न्या ही मागणी त्याच अर्जात पाहिजे. २०२५ मध्ये केंद्रानं दूषित जागांसाठी वेगळे नियम आणलेत, अशा संशयित जागा शोधून कळवायची जबाबदारी स्थानिक संस्था आणि जिल्हा प्रशासनावर टाकलीय, म्हणजे आता "हे आमच्याकडं येत नाही" असं म्हणायला जागा कमी झालीय.

आणि तिथं राबणारी माणसं. त्यांच्या रक्तात तुमच्या मुलापेक्षा जास्त शिसं असणार आणि त्यांची पोरं सगळ्यात जास्त धोक्यात. पश्चिम महाराष्ट्रातल्या बॅटरी कामगारांच्या आणि चांदी कामगारांच्या रक्तात शिसं वाढल्याचे अभ्यास छापून आलेत. आपली हुपरी चांदीसाठी देशभर प्रसिद्ध, पैंजण-जोडव्यांचं काम कितीतरी घरांत माजघरातच चालतं, आणि चांदी शुद्ध करायला शिसं वापरायची पद्धत फार जुनी आहे. म्हणजे डाक लावणं, गाळणं आणि बाळाला झोपवणं एकाच छताखाली. तिथं "धंदा बंद करा" म्हणणं म्हणजे गावाच्या पोटावर पाय देणं, ते मी कधीच म्हणणार नाही. पण गाळण्याचं आणि शुद्ध करण्याचं काम घराबाहेर, सामायिक जागेत, धूर ओढून घेणाऱ्या यंत्रणेखाली न्यायला शासनानं जागा आणि कर्ज द्यावं, हे धोरण होऊ शकतं. एमआयडीसी उभारायला आपण जमीन दिली, मग घरातली भट्टी घराबाहेर काढायला का देऊ नये. कामगाराच्या मुलांची रक्ततपासणी मालकाच्या खर्चानं, एवढी एक अट जरी घातली तरी बरंच काही बदलेल.

कोल्हापुरात धोरणाबद्दल कुणी शंका काढली की मी शाहू महाराजांचं १९१७ सालचं उदाहरण देते. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, आणि आधी शाळांचा खर्च दरबारानं उचलला. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी सोय, मग सक्ती, आणि सक्ती मोडली तर दंड. आजची निम्मी परिपत्रकं यातलं फक्त "जनजागृती करावी" एवढंच सांगतात, सोय नाही आणि दंडही नाही.

पाण्याचं उदाहरण देते, कारण तिथं हा क्रम गावपातळीवर मी चालताना बघितलाय. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत कावीळीची साथ आली ती बऱ्याच जणांना आठवत असेल, पाण्यातून पसरणारी हेपॅटायटिस ई, हजारो लोक आजारी पडले, काही दगावले. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत हा आजार झाला तर आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. पंचगंगेत शहरांचं सांडपाणी, कारखान्यांचं, कापडाच्या प्रोसेसचं पाणी किती येतं यावर हायकोर्टापर्यंत प्रकरणं गेली, तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचे फोटो तर जवळजवळ दरवर्षी येतात. नदी साफ व्हायची तेव्हा होईल, त्यासाठी भांडत राहूच, पण अंगणवाडीतल्या पोराच्या पेल्यात आज काय आहे हे गावाच्या हातात आहे.

गावात जलसुरक्षक असतो, टाकीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, टाकायचं काम त्याचं. आम्ही जायचो तेव्हा मी आधी पावडरीचं पोतं बघायची. बऱ्याच ठिकाणी पोतं तोंड उघडं, ओलीला भिंतीशी, पावडरीचे खडे झालेले, नाकाला झोंबणारा वास नाहीच. क्लोरीन उडून गेलेला असतो, उरतो तो चुना. जलसुरक्षक खोटं बोलत नसतो, "रोज टाकतोय की डॉक्टर" म्हणतो ते खरंच असतं. मग ओटी टेस्ट, नळाचं पाणी छोट्या नळीत घ्यायचं, दोन-चार थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. टाकीजवळच्या नळाला पिवळं यायचं, मधल्या गल्लीत फिकट, आणि शेवटच्या नळाला, जिथं सहसा गरिबांची वस्ती आणि अंगणवाडी असते, तिथं पाणी तसंच पांढरं. शेवटच्या नळाला लिटरमागं निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन पाहिजे. म्हणून मी ग्रामपंचायतींना कायम सांगत आले की ओटी टेस्ट टाकीजवळ घेऊ नका, अंगणवाडीच्या नळाला घ्या आणि तिथंच भिंतीवर तारीख घालून लिहा. जिथं हे ऐकलं तिथं सेविकाच ग्रामसेवकाला फोन करायला लागल्या, "आज पिवळं आलं न्हाई." हेच धोरण, फार मोठं काही नाही, मोजायची जागा बदलली.

याला वरून आधार पण आहे. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाणी स्रोतांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कार्ड कुठलं हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेला हिस्सा होता, तेव्हा टीसीएलला पैसे नाहीत हे उत्तर कुणी दिलं तर त्या निधीचा खर्च दाखवा म्हणा.

रंगाचं थोडक्यात. घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नको असा नियम २०१६ मध्ये आला, २०१७ पासून लागू. पण औद्योगिक रंग त्यात येत नाहीत, आणि शाळेच्या घसरगुंडीला, झोपाळ्याला, गेटला लोखंडाचा म्हणून बऱ्याचदा तसलाच स्वस्तातला पिवळा-केशरी रंग फासतात. त्याचे पापुद्रे पोरं नखानं काढतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, कायद्यानंच. कोटेशन मागवताना "शिसं ९० पीपीएमच्या आत, डब्यावर तसं छापलेलं" एवढी एक ओळ घाला, पैसे जवळजवळ तेवढेच लागतात.

कीटकनाशकांचं एक वाक्य सांगून पुढं जाते, बिहारमध्ये गंडामनला २०१३ मध्ये शाळेच्या जेवणातून २३ मुलं गेली, मोनोक्रोटोफॉस, कीटकनाशकाच्या डब्याचा संबंध स्वयंपाकाच्या तेलाशी आला होता. आपल्याकडं रानातून आलेला रिकामा डबा धुऊन गोडेतेलाला, रॉकेलला, पाण्याला वापरायची सवय अजून पूर्ण गेलेली नाही. कृपा करून तो डबा भोक पाडून टाका.

हवेबद्दल आता सगळेच बोलतात म्हणून मी कमी बोलते. केंद्रानं २०१९ मध्ये स्वच्छ हवा कार्यक्रम आणला त्यात कोल्हापूर आहे, म्हणजे आपली हवा मानकात बसत नाही हे सरकारनंच मान्य केलंय. पीएम २.५, म्हणजे फुप्फुसात खोल जाणारी बारीक धूळ, तिचं आपलं वार्षिक मानक घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेचं ५. महाद्वार रोड, रुईकर ट्रस्ट, शिवाजी विद्यापीठ इथं वर्षानुवर्षं नमुने घेतात. माझी मागणी एवढीच की मोजणी शाळेच्या दारात पण व्हावी, शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्रीपट्ट्यातल्या शाळेत व्हावी, पाचट पेटवायच्या आणि गुऱ्हाळाच्या सीझनमध्ये व्हावी. पाचटाचं म्हणाल तर शेतकऱ्याला नुसतं "पेटवू नका" म्हणून भागत नाही, कुट्टीचं मशीन गावात भाड्यानं मिळायला पाहिजे, इथंपण आधी सोय. आणि गुऱ्हाळात टायर-प्लास्टिक जळण म्हणून घालणं मात्र थेट बंद, त्यात तडजोड नको.

जिल्हा पातळीवर एक गोष्ट सहज होण्यासारखी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम २०१३ पासून वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते, जन्मजात दोष, पंडुरोग, वाढ, दात, कान सगळं बघते. त्यांच्या यादीत शिसं नाही. सगळ्या मुलांचं रक्त घ्या असं मी म्हणत नाही, तेवढी व्यवस्था नाही आपल्याकडं. पण त्या फॉर्मवर तीनच प्रश्न वाढवता येतील: घरात किंवा शेजारी बॅटरी, चांदी, भंगार, भट्टीचं काम चालतं का, चूल घरात आहे का, पाणी कुठलं पितात. ज्याचं पहिलं उत्तर "हो" त्याचंच रक्त घ्यायचं, सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी हॉस्पिटलला, पाठवायची सोय करायची, आणि आकडा जास्त आला की तो आरोग्य खात्यातच न ठेवता बोर्डाला आणि प्रांताला लेखी कळवायचं. आज डॉक्टरला कावीळ-डेंगीची साथ कळवायची वाट माहीत आहे, शिशाचा आकडा कुणाला कळवायचा याची वाटच नाही. ही वाट जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीच्या एका ठरावानं तयार होऊ शकते.

तुमच्या ग्रामसभेसाठी ठरावाचा मसुदा देते, शब्द बदलून वापरा:

"गावच्या हद्दीत शाळा, अंगणवाडी व लोकवस्तीलगत जुन्या बॅटऱ्या फोडणे, शिसे वितळवणे, वायर, टायर व प्लास्टिक जाळणे यास ग्रामपंचायत ना हरकत दाखला देणार नाही. सध्या चालू असलेल्या जागेची प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून तपासणी करून अंगणवाडीच्या आवारातील मातीचे नमुने घेण्यात यावेत. परिसरातील सहा वर्षांखालील मुलांची व तेथील कामगारांच्या मुलांची रक्तातील शिशाची तपासणी तालुका आरोग्य अधिकारी यांच्यामार्फत करण्यात यावी. सर्व अहवाल पुढील ग्रामसभेत वाचून दाखवावेत."

शेवटचं वाक्य गाळू देऊ नका, कारण "पुढील ग्रामसभा" म्हणजे तारीख आली आणि तारीख आली की कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यातली जवळची गाठा, विषय आधी लेखी देऊन अजेंड्यावर घ्यायला लावा, ऐनवेळचा विषय म्हणून ठेवला तर कोरमअभावी किंवा गोंधळात उडतो. एकट्या जाऊ नका, अंगणवाडीच्या पाच-सात आया आणि आशाताईंना बरोबर घ्या, आणि जमलं तर शेडवर काम करणाऱ्या घरातल्या एखाद्या बाईशी आधी बोला, तिच्या मुलाचीपण तपासणी मोफत होणार आहे हे तिला माहीत पाहिजे. पण ग्रामसभेची वाट बघत रक्ततपासणी थांबवू नका, ती या आठवड्यातच करा, आणि रिपोर्ट ४५ किंवा त्याच्या वर असेल किंवा मुलाला उलट्या, झटके, जास्तच सुस्ती असं काही असेल तर आकड्याचीही वाट न बघता सरळ सीपीआरच्या बालरोग विभागात न्या, जाताना शेडचा आणि त्याच्या अंतराचा उल्लेख केस पेपरवर लिहून घ्यायला सांगा.